सिग्नलला उभं राहून श्वास घेणाऱ्यांकडून एक खुलं पत्र

प्रति,
पुण्यातले रस्ते, सिग्नल, बस आणि गाड्यांची तपासणी ज्यांच्या ज्यांच्या हातात आहे त्या सगळ्या साहेबांना आणि मॅडमना,

सप्रेम नमस्कार.

मी धायरीत राहते आणि रोज गाडीवरून डेक्कनला कामाला जाते. गाडी म्हणजे दुचाकी, हे पुण्यात वेगळं सांगायला लागत नाही. वडगाव, माणिकबाग, आनंदनगर, राजाराम पूल, दांडेकर पूल, मग अलका चौक आणि पुढे डेक्कन. अंतर म्हणाल तर दहा किलोमीटरच्या आसपास, वेळ मात्र कधी पस्तीस मिनिटं, कधी तास, पावसात तर विचारूच नका. हे पत्र ट्रॅफिकमध्ये वेळ जातो म्हणून लिहीत नाहीये, वेळ जातो ते आम्ही सगळ्यांनी कधीच मान्य करून टाकलंय. त्या वेळात आम्ही जी हवा छातीत घेतो त्याबद्दल लिहितेय, कारण त्याबद्दल कोणी बोलतच नाही, खड्ड्यांवर बोलतात, पार्किंगवर बोलतात, हेल्मेटवर तर वर्षानुवर्षं भांडतात, पण श्वासावर कोणी नाही.

गेल्या नोव्हेंबरमधली गोष्ट. सकाळी साडेआठ वाजलेले, थंडी नुकती पडायला लागलेली म्हणून लेकीला कानटोपी घातली होती. ती साडेचार वर्षांची आहे, तिची बालवाडी माझ्या वाटेवरच आहे, त्यामुळे ती पुढे हँडलला धरून उभी राहते आणि रस्ताभर तिची बडबड चालू असते. सिग्नलला आमच्या पुढे एक जुना डिझेलचा टेम्पो होता. मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की मी हेल्मेटमध्ये, काच खाली, आत स्कार्फ, आणि ही माझ्या पुढे, माझ्यापेक्षा खाली, त्या सायलेन्सरच्या माझ्यापेक्षा कितीतरी जवळ, तोंडावर काहीही नाही. सिग्नल सुटला, टेम्पोवाल्याने रेस दिली आणि काळा लोट सरळ आमच्या अंगावर. ती मला काहीतरी सांगत होती, वाक्य अर्धवटच राहिलं आणि खोकायला लागली. मला मागून हॉर्न वाजतायत, पुढे जाता येत नाही, बाजूला घेता येत नाही, मी एका हाताने तिचं तोंड झाकायचा प्रयत्न करतेय. असं किती जणींनी केलं असेल रोज.

त्या रात्री तिच्या छातीतून मांजर घुरघुरावं तसा आवाज यायला लागला. दवाखान्यात नेलं, नेब्युलायझर लावला, ती मास्कला घाबरून रडत होती आणि मी तिला मांडीवर घेऊन बसले होते. डॉक्टरांनी तपासून झाल्यावर विचारलं, "गाडीवर पुढे उभी राहते का?" मी हो म्हटलं. ते म्हणाले एका दिवसाच्या धुराने असं होत नाही, रोज थोडं थोडं जात असतं आणि मग एखाद्या दिवशी निमित्त मिळतं. वर म्हणाले की सिंहगड रोड, सोलापूर रोड, नगर रोड, कुठल्याही मोठ्या रस्त्यालगत राहणारी किंवा रोज गाडीवरून जाणारी मुलं थंडीत अशीच येतात. मी खर्चाबद्दल किंवा धावपळीबद्दल तक्रार करत नाहीये. पण त्या दिवसापासून मी जे मिळेल ते वाचतेय, आणि वाचलेलं तुमच्यापर्यंत पोचवावंसं वाटलं, कदाचित तुम्हाला माहीतही असेल, तरी.

गाडीच्या धुरातले जे बारीक कण असतात ना, पीएम 2.5 म्हणतात ते, अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान. आपला केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो म्हणजे केसाच्या विसाव्या भागाएवढा किंवा त्याहूनही लहान झाला हा कण. नाकातले केस, घशातला चिकट थर, कोणीच त्याला पुरतं अडवू शकत नाही, तो सरळ फुप्फुसाच्या टोकाला पोचतो आणि त्यातले सगळ्यात बारीक कण तर रक्तातसुद्धा उतरतात. म्हणून मग त्रास नुसता खोकल्याचा राहत नाही, हार्ट अटॅक, पक्षाघात, फुप्फुसाचा कॅन्सर सगळं त्यात आलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने 2012 मध्ये डिझेलच्या धुराला कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं, तंबाखू आणि ॲस्बेस्टॉस ज्या गटात आहेत त्याच गटात. सिगरेटच्या पाकिटावर आपण केवढं मोठं चित्र छापतो. त्याच गटातला धूर साडेचार वर्षांच्या मुलीच्या तोंडावर येतो तर त्याला आपण ट्रॅफिक म्हणतो.

आणि धूर दिसला नाही म्हणजे हवा चांगली असंही नाही. नायट्रोजन डायऑक्साइड दिसत नाही, पण श्वासनळीला सूज आणतो, दमा असलेल्याचा दमा वाढवतो. कार्बन मोनॉक्साइडला तर रंगही नाही, वासही नाही, तो रक्तातली ऑक्सिजनची जागा अडवून बसतो, तासभर ट्रॅफिकमध्ये काढल्यावर डोकं धरतं त्यात याचाही वाटा असू शकतो. मला ऑफिसला पोचल्यावर पहिली वीस मिनिटं डोकं जड असायचं, मी कित्येक वर्षं ते चहा कमी पडला म्हणून समजत होते.

आता मुद्द्यावर येते. तुम्ही म्हणाल आपल्याकडे हवा मोजली जाते. जातेच, आणि मला त्याचा अभिमान आहे, कारण देशातल्या काही मोठ्या शहरांना हवेच्या प्रदूषणाचा अंदाज देणारी सफर ही यंत्रणा आयआयटीएम या हवामानाचा अभ्यास करणाऱ्या ज्या संस्थेने उभी केली ती आपल्या पाषाणलाच आहे. शिवाजीनगर, पाषाण, कात्रज, हडपसर, लोहगाव, निगडी, भोसरी इथे त्यांची केंद्रं बसवली. पण हवा मोजायची यंत्रं नियमाप्रमाणे जमिनीपासून साधारण तीन ते दहा मीटर उंचीवर हवा ओढतात, आणि ते बरोबरच आहे कारण त्यांना त्या भागाची सगळी मिळून हवा कशी आहे ते सांगायचं असतं. माझ्या लेकीचं नाक जमिनीपासून साडेतीन-चार फुटांवर असतं. बसस्टॉपवर उभ्या असलेल्या आजोबांचं पाच फुटांवर. आणि ते नाक सिग्नलच्या रांगेत, चारही बाजूंनी चालू इंजिनं असलेल्या जागी असतं. धूर सायलेन्सरमधून निघतो तेव्हा सगळ्यात दाट असतो आणि काही मीटर लांब गेला की भराभर पातळ होत जातो. म्हणजे ज्याच्या नाकाशी तो निघतो त्याला पूर्ण डोस आणि यंत्रापर्यंत पोचतो त्याचा उरलेला अंश. मोबाईलवर "समाधानकारक" असा हिरवा रंग दिसत असताना मी सिग्नलला डोळे चोळत उभी असते, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात.

सिग्नलच का, तर गाडी सारख्या वेगात चालते तेव्हा ती त्यातल्या त्यात कमी धूर सोडते. उभी राहिली की इंजिन काहीही न चालवता नुसतं जळत राहतं, आणि सुटताना सगळे एकदम रेस देतात तेव्हा सगळ्यात जास्त. म्हणजे चौकात दोन्ही गोष्टी होतात, थांबणं आणि सुटणं, दर दोन मिनिटांनी, दिवसभर. त्यात आपल्या रस्त्यांना दोन्ही बाजूंनी बिल्डिंगा, आता मध्ये उड्डाणपुलाचे खांब आणि डोक्यावर पूल, हवेला हलायला जागाच नाही. आणि पुणं तसं टेकड्यांमधलं खोलगट गाव, थंडीत रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन बसते, वर उबदार थर झाकणासारखा, त्यामुळे सकाळी शाळा-ऑफिसच्या वेळेला सोडलेला धूर वर जायचं नावच घेत नाही. ज्या महिन्यांमध्ये आपण "काय मस्त हवा पडलीये" म्हणतो नेमके तेच महिने छातीला वाईट.

हे नुसतं माझं वाटणं नाहीये. लंडनमध्ये ऑक्सफर्ड स्ट्रीट म्हणून रस्ता आहे, तिथे तेव्हा फक्त डिझेलच्या बस आणि टॅक्स्या चालायच्या. दमा असलेल्या साठ लोकांना त्या रस्त्यावरून दोन तास चालायला लावलं आणि दुसऱ्या एखाद्या दिवशी तेवढाच वेळ हाइड पार्क या बागेत. रस्त्यावर चालल्यावर त्यांच्या फुप्फुसाची ताकद जास्त घसरली. 2007 मध्ये हे छापून आलं. दोन तास फक्त, आणि तेही चालत, आरामात. जर्मनीत आउग्सबुर्ग भागात हार्ट अटॅक येऊन वाचलेल्या लोकांना विचारलं की अटॅकच्या आधी कुठे होता, तर ट्रॅफिकमध्ये वेळ घालवल्यानंतरच्या तासाभरात अटॅकचा धोका जवळजवळ तिप्पट दिसला, गाडीत असो, बसमध्ये असो की सायकलवर. त्यात टेन्शनचा भाग असेल, धुराचा असेल, पण रस्ता तोच. आणि मला सगळ्यात लागलेला अभ्यास कॅलिफोर्नियातला, जिथे हजारो मुलांची फुप्फुसं वर्षानुवर्षं मोजली आणि मोठ्या हायवेपासून पाचशे मीटरच्या आत राहणाऱ्या मुलांची फुप्फुसं दीड किलोमीटरपेक्षा लांब राहणाऱ्या मुलांपेक्षा कमी वाढलेली निघाली. पाचशे मीटर. आमची सोसायटी रस्त्यापासून किती लांब आहे हे मी त्या रात्री मॅपवर मोजलं. सांगत नाही किती ते.

आणि पुण्याला तर आपण सगळे मिळून काय करून ठेवलंय, 2018 मध्येच बातम्या आल्या होत्या की शहरात माणसांपेक्षा गाड्यांची नोंदणी जास्त झालीये, छत्तीस लाखांच्या वर, आणि त्यात बहुतेक दुचाकी. माझीही त्यातच आहे, मी काही वेगळी नाही. पण विचार करा, या लाखो दुचाकीवाल्यांपैकी प्रत्येक जण उघड्यावर श्वास घेतोय. चारचाकीत काचा बंद करून आतलीच हवा फिरवायचं बटण दाबलं की कण बऱ्यापैकी कमी होतात. आम्हाला बटण नाही. रिक्षावाल्याला नाही, सायकलवाल्याला नाही, चौकात गजरे विकणाऱ्या बाईला नाही, ती तर आमच्यासारखी सिग्नल सुटला की निघून जात नाही, दिवसभर तिथेच.

आमच्याकडे काय आहे, तर स्कार्फ. पुण्यातल्या पोरींचा स्कार्फ बाहेरगावच्या लोकांना नवल वाटतो, डोळे सोडून सगळं बांधलेलं, वरून पांढरा सनकोट, हातमोजे. मीही कॉलेजपासून बांधतेय. मला खरंच वाटायचं की यातून धूर गाळला जातो. एकदा घरी येऊन तो स्कार्फ बादलीत टाकला, पाणी राखाडी झालं, तेव्हा उलट बरं वाटलं की बघा एवढं बाहेर अडलं. पण कापडाच्या विणीतून अडीच मायक्रॉनचा कण आरामात आत जातो, जे अडतं ती मोठी धूळ. चांगला घट्ट बसणारा एन-95 मास्क कण अडवतो, पण तो लहान मुलांच्या चेहऱ्याला नीट बसत नाही, बाजूने फट राहते, आणि नायट्रोजन डायऑक्साइड किंवा कार्बन मोनॉक्साइडसारखा वायू तर तो अडवतच नाही. म्हणून कृपा करून आम्हाला मास्क लावा असं सांगून विषय संपवू नका.

आमच्या वाटेवरच्या एका चौकात एक ट्रॅफिकचे मामा असतात, पन्नाशी ओलांडलेले. लेक त्यांना रोज टाटा करते, तेही करतात. एकदा पावसामुळे आम्ही त्यांच्या शेजारच्या दुकानाच्या पत्र्याखाली थांबलो होतो तेव्हा बोलणं झालं. म्हणाले, "ताई, घरी गेल्यावर नाक शिंकरलं की रुमाल काळा होतो. बायको म्हणते वेगळा धुवायला टाका." आणि मग खोकले, तो खोकला मी लगेच ओळखला, खोलवरून येणारा, कोरडा. आपल्या देशात किती शहरांमध्ये ट्रॅफिक पोलिसांच्या फुप्फुसांच्या तपासण्या झाल्या आणि बहुतेक वेळा तेच निघालं, की चौकात उभं राहणाऱ्यांची फुप्फुसं इतरांपेक्षा कमी पडतात. या माणसांना पावत्यांचं टार्गेट, मंत्र्यांचा बंदोबस्त, गणपतीची ड्युटी सगळं आहे. वर्षातून एकदा फुंकर मारून फुप्फुस मोजायची स्पायरोमेट्री त्यांची व्हावी, ज्याचं कमी निघेल त्याला चौकातून हलवावं, एका माणसाला सलग किती तास एकाच चौकात उभं करायचं यावर मर्यादा घालावी. याला फार मोठा निधी लागत नाही. हे मी मामांनी सांगितलं म्हणून लिहीत नाहीये, त्यांनी काहीच मागितलं नाही, म्हणून लिहितेय.

आता पीयूसीचं. माझ्या गाडीची संपली होती म्हणून एका ठिकाणी काढायला गेले. त्या मुलाने नळी सायलेन्सरला लावल्यासारखी केली, फोटो काढला, नळी काढली, आणि कागद हातात, पूर्ण दोन मिनिटंही नाही. मी म्हटलं नीट चेक करा हो, तर तो माझ्याकडे असा बघायला लागला की मी काहीतरी भलतंच मागितलंय. मागे रांग होती, मला ऑफिसला उशीर होत होता, मी कागद घेऊन निघाले. म्हणजे माझ्याकडे सर्टिफिकेट आहे पण माझी गाडी किती धूर सोडते ते मला आजही माहीत नाही. त्या टेम्पोकडेही असेल असं सर्टिफिकेट, कायद्याने तो बरोबरच असेल.

आणि नळी नीट लावली तरी काय मोजतात, तर पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन, तोही उभ्या गाडीवर, आणि डिझेलचा धूर किती दाट आहे तेवढं. नायट्रोजन ऑक्साइड नाही, बारीक कण नाहीत. ज्या दोन गोष्टी माझ्या लेकीच्या छातीत जातात त्याच त्या कागदावर नाहीत. 2019 मध्ये मोटार वाहन कायदा बदलला त्यात धुराचे नियम मोडले तर दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही ठेवलंय, पण दंड कागद नसल्याचा होतो, धुराचा होत नाही. माझं म्हणणं साधं आहे, कागद बघू नका, धूर बघा. सिग्नल तोडला की कॅमेऱ्यातून घरी चलन येतं, इतकी यंत्रणा आपल्याकडे आहे, मग काळा धूर सोडत जाणारी गाडी त्याच कॅमेऱ्यात दिसतच असणार ना. तिला दंड करून सोडून न देता पंधरा दिवसांत खरोखरची तपासणी करून आण म्हणून सांगा. शेकड्यात थोड्याच गाड्या अशा असतात पण रांगेत एक पुढे असली की मागचे तीस जण ते खातात.

एप्रिल 2020 पासून देशात बीएस-6 म्हणजे धुराच्या नव्या, कडक नियमांतल्या गाड्याच विकल्या जातायत, डिझेलमधलं गंधक पन्नास पीपीएमवरून (दहा लाख भागांत पन्नास भाग) दहावर आणलं, हे खरंच मोठं काम झालं आणि ज्यांनी केलं त्यांचं कौतुक. पण त्याआधीच्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत आणि टेम्पो, डंपर, टँकर तर वर्षानुवर्षं चालतात. आमच्या सिंहगड रोडवर सकाळी सात ते नऊ जरा उभे राहून बघा, पाण्याचे टँकर, सिमेंटचे मिक्सर, खडीचे डंपर, आणि त्यांच्यामध्ये स्कूलव्हॅन. बांधकामं व्हायला नकोत असं नाही, पाणी तर आम्हालाच लागतं, पण शाळेच्या वेळेला या गाड्या नकोत एवढं होऊ शकतं. अवजड वाहनांना वेळेची बंदी कागदावर असते, ती पाळली जाते का ते रोज त्या वेळेला तिथे असणाऱ्यांना विचारा.

पैशांबद्दलही एक बोलते. जानेवारी 2019 मध्ये केंद्राने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, हवा खराब असलेल्या शहरांच्या यादीत पुणंही आहे. दिल्लीच्या सीएसई या पर्यावरणावर काम करणाऱ्या संस्थेने 2024 मध्ये हिशोब मांडला तेव्हा देशभरात त्यातला चौसष्ट टक्के खर्च रस्त्यावरच्या धुळीवर झालेला निघाला, म्हणजे रस्ते करणं, खड्डे बुजवणं, झाडायची यंत्रं, पाणी मारणं, आणि गाड्यांच्या धुरावर तेरा टक्क्यांहूनही कमी. धूळ वाईटच आहे, मान्य, ब्रेक आणि टायर झिजून उडणारे कणसुद्धा त्यातच आहेत आणि ते इलेक्ट्रिक गाडीचेही असतात. पण मोठी धूळ नाकात अडते हो, आपण शिंकतो, ती बाहेर पडते. इंजिनात जळून निघालेला बारीक कण तसा सहज बाहेर पडत नाही. पैसा दिसणाऱ्या गोष्टीवर जातोय आणि छाती न दिसणाऱ्या गोष्टीने भरतेय.

लोक म्हणतात मग बसने जा. मी गेले. खरंच महिनाभर प्रयत्न केला, लेकीच्या आजारपणानंतर. बस स्वतः वाईट नव्हती, आता कितीतरी सीएनजीच्या आणि इलेक्ट्रिक आहेत, 2019 पासून इलेक्ट्रिक आल्या तेव्हा मला किती आनंद झाला होता, आवाज नाही, धूर नाही. त्रास बसमध्ये नाही, बसची वाट बघण्यात आहे. स्टॉप अगदी रस्त्याच्या कडेला, गाड्या एक फुटावरून जातायत, मी लेकीला कडेवर घेऊन पंचवीस मिनिटं उभी. म्हणजे धूर टाळायला बस धरली आणि बसच्या नादात धूर जास्त घेतला. त्यानंतर पुन्हा गाडी काढली. खडकवासला ते खराडी मेट्रोला मंजुरी मिळाल्याचं वाचलं, होऊ दे, देव करो आणि लवकर होवो, पण ती येईपर्यंत माझी लेक पाचवी-सहावीत असेल आणि फुप्फुसं वाढायची जी वर्षं आहेत ती हीच आहेत. बस दर पाच-सात मिनिटांनी आली तर मी उद्या गाडी घरी ठेवेन, आणि मी एकटी नाही, आमच्या सोसायटीत निम्म्या बायका ठेवतील. स्टॉप जरा आत घेता आले, मागे एक भिंत किंवा झाडांची दाट रांग आली तरी फरक पडतो.

रस्ता मोकळा केला की काय होतं ते मी बघितलंय. 2021 पासून अकरा डिसेंबरला लक्ष्मी रोडवर गाड्या बंद करून पादचारी दिन करतात, मी गेल्या वेळी लेकीला घेऊन गेले. ती रस्त्याच्या मधोमध पळत होती, मी हात धरला नव्हता. एका दुकानासमोर बांगड्यांचा आवाज येत होता, चिवड्याचा वास येत होता. लक्ष्मी रोडला वास असतो हे मी विसरूनच गेले होते, इतकी वर्षं तिथे फक्त धूर आणि हॉर्न. संध्याकाळी घरी येऊन तोंड धुतलं तर पाणी स्वच्छ. असा दिवस वर्षातून एक आहे. तो शाळांच्या रस्त्यांवर रोज सकाळी अर्धा तास आणि सुटताना अर्धा तास करता येईल का, एवढंच, शाळेच्या गेटपासून शंभर मीटर कोणतीही गाडी नाही, मुलं तिथून चालत जातील. आम्ही पालक उभे राहू दोरी धरून, नावं द्यायला सांगा.

आणि चौकात मोजा. खरंच मोजा. स्वारगेट, नवले पूल, हडपसर, विद्यापीठ चौक, दांडेकर पूल, जिथे लोक सगळ्यात जास्त थांबतात तिथे, नाकाच्या उंचीवर, आणि आकडा तिथेच बोर्डवर लावा, मोबाईलमध्ये शोधायला लावू नका. आपल्याकडे पीएम 2.5 ची वर्षाच्या सरासरीची मर्यादा एका घनमीटर हवेत चाळीस मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये पाच केली, आठपट फरक. त्या पाचला पोचा असं मी म्हणत नाहीये, पण सिग्नलला उभ्या असलेल्या माणसाला तो काय घेतोय ते कळलं पाहिजे. कळलं की तो इंजिन बंद करेल. पुणेकर करतो, मी रोज बघते, टायमरवर नव्वद, शंभर दिसलं की अर्ध्या गाड्या आपोआप बंद होतात, पेट्रोल वाचतं ना. आणि त्या एका मिनिटात चौकात अचानक शांतता होते, पक्षी ऐकू येतात, मी खोटं बोलत नाही, दांडेकर पुलाला एकदा पोपट ऐकलेत मी. पण त्यासाठी टायमर चालू पाहिजे. किती सेकंद थांबायचंय ते माहीत नसेल तर कोणी इंजिन बंद करत नाही, सगळे रेस देत उभे राहतात. या पत्रातलं सगळ्यात स्वस्त काम हेच आहे, प्रत्येक सिग्नलचा टायमर चालू ठेवणं. बाकीच्या गोष्टींना फाईल लागेल, मीटिंग लागेल, निधी लागेल, याला एक माणूस आणि एक शिडी लागते.

लेक आता मागे बसते, मला घट्ट धरून, पट्ट्याने बांधलेली. पुढे उभं राहायला मिळत नाही म्हणून आधी रुसली होती, मग मी तिला एक काम दिलं. गाडी थांबली की तिने टायमर बघायचा आणि उलटे आकडे मोठ्याने म्हणायचे, वीस आले की मला पाठीवर टकटक करायचं, मग मी गाडी चालू करणार. ती उलटे आकडे तिथेच शिकली, बालवाडीत अजून सुलटेच चाललेत. गेले दीड महिना आमच्या वाटेवरच्या एका सिग्नलचा टायमर अठ्ठ्याऐंशीवर अडकलाय. पहिल्या दिवशी ती "अठ्ठ्याऐंशी" म्हणाली आणि पुढच्याची वाट बघत राहिली. मग पाठीवर टकटक न करता मला विचारलं, "आई, आता मी कुठून मोजू?"

आपली,
सिंहगड रोडवरून रोज गाडीने जाणारी एक आई
धायरी, पुणे